कुंदाताईनं शिवलेले कुर्ते

फोन आला तेव्हा मी एका आजींच्या दंडाला पट्टा बांधत होते. कर्जतच्या आमच्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग असते, तेव्हा फोन घ्यायचा नाही हा माझा नियम. पण टेबलावर थरथरणाऱ्या फोनवर संतोषचं, माझ्या नवऱ्याचं नाव दिसलं आणि मला कळलं. तो आदल्या दिवसापासून मुंबईच्या हॉस्पिटलात दादांच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाच्या सोबतीला होता. मी आजींचं रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितला, नळीवर नाव लिहिलं आणि मग बाहेर पायरीवर येऊन फोन घेतला. "ताई गेली गं," एवढंच तो म्हणाला. मागं दादा कुणाला तरी सांगत होते, "तिचा चष्मा राहिलाय आत... चष्मा घ्या तिचा."

कुंदाताई माझी मोठी जाऊ. होळी नुकतीच होऊन गेली होती, आणि यंदा आमच्या कडावच्या घरावर गुढी उभी राहिली नाही. जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनंही मला तेच बजावून पाठवलं होतं. मी शिळफाट्याची, कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाची मुलगी. भात लावणं ठाऊक नाही, म्हशीच्या जवळ जायची भीती. ताई लोधिवलीची, शेतकऱ्याच्या घरातली. पहिल्या दिवशी मी गोठ्याच्या दारात घुटमळत उभी राहिले तर ती आतून म्हणाली, "ये गं, ती खात नाय सुनांना. सासू खाईल एकवेळ." सासूबाई मागंच उभ्या होत्या. त्यांनाही हसू आलं. त्या घरात मला परकं वाटलं ते तेवढाच वेळ.

ओवी झाली त्या वर्षी माझी रजा ऐन चैत्रात संपली. आमच्याकडचा उन्हाळा बाहेरच्यांना कळत नाही. डोंगर जवळ आहेत, हिरवं असेल, गार असेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात डोंगर वारा अडवून धरतात आणि खाली खाचरांच्या भेगांतून वाफ येते. कडावहून कर्जतपर्यंत स्कूटीवर जायचं, आठ तास बंद खोलीत अॅप्रन घालून उभं राहायचं, आणि परत यायचं. माझ्याकडे कपडे भरपूर होते, पण ते लग्नातले. जॉर्जेटचे, आतून अस्तर लावलेले, बाळंतपणानंतर दंडात न जाणारे. खाली लेगिन्स. त्यावर ओढणी, ती स्कूटीवर गळ्याभोवती आवळून बांधलेली. अकरा वाजले की छाती भरून यायची, पाठीवर घामोळ्या फुलायच्या. दूध काढायला बाथरूममध्ये जायचं तर पाठीची चेन उघडून अख्खा ड्रेस उतरवावा लागायचा. बाहेर लोक दार वाजवायचे. पहिला आठवडा संपायच्या आत मी एका संध्याकाळी घरी आले, पडवीत बसकण मारली आणि म्हणाले, "ताई, मी नोकरी सोडते."

ओवी तिच्या मांडीवर होती. दिवसभर तीच सांभाळायची तिला. "का? पोर रडते म्हणून? पोर खुशाल हाय माझ्याकडं."

"तसं नाही."

"मग साहेब काय बोलला?"

तसंही नव्हतं. काय होतं ते मला सांगता येईना. शेवटी म्हणाले, "सकाळी काय घालू तेच सुचत नाही, आणि जे घालते त्यात जीव जातो." बोलले आणि इतक्या क्षुल्लक कारणासाठी नोकरी सोडायची म्हणतेय याची माझी मलाच लाज वाटली. ताई मात्र हसली नाही. तिनं ओवीला सासूबाईंकडं दिलं आणि म्हणाली, "चल, कपाट उघड."

पलंगावर सगळं काढून टाकलं. एकेक उचलून ती विचारायची, "हे घालतेस? मग हे कुणासाठी ठेवलंयस?" लेगिन्स हातात धरून ताणून पाहिली आणि म्हणाली, "ही पायाची साल हाय का कापड?" बघता बघता ढीग एका बाजूला वाढत गेला आणि दुसऱ्या बाजूला उरला एक जुना सुती कुर्ता, कॉलेजातला, कोपरावर विरलेला. तो तिनं नाकाशी धरला, उजेडात पाहिला. "हा का नाय टाकलास?" मी म्हटलं, अंगाला बरा वाटतो. "झालं तर मग," ती म्हणाली. "आसंच पायजे."

त्या रविवारी आम्ही शिळफाट्याच्या बाजारात गेलो. ताई कापड निवडताना दुकानदाराचं काही ऐकत नसे. मुठीत चुरगाळायची, सोडायची, चुण्या किती राहतात ते बघायची, आणि मग सगळ्यांसमोर स्वतःच्या मानेवर धरून उभी राहायची. मला एक सुंदर मोरपंखी कापड आवडलं होतं. ते तिनं बाजूला ठेवलं. "ह्याच्यावर दुसरं काय घालशील? सकाळी पोर कडेवर, गॅसवर दूध, तेव्हा जुळवत बसशील?" तिचं म्हणणं असं, की अंधारात कपाटात हात घातला तरी हाताला येईल तो कुर्ता हाताला येईल त्या सलवारीवर चालला पाहिजे. म्हणून सलवारी दोनच रंगांच्या, एक मळकट पांढरा, एक गडद निळा; आणि कुर्ते या दोन्हींवर खपतील असे. दुपारी माझ्या माहेरी जेवलो. आईनं पिशवीत डोकावून विचारलं, "एवढंच? सगळा उन्हाळा काढायचाय तिला." ताई म्हणाली, "काकू, कपडे लय झाले म्हणून तर घालायला काय नव्हतं."

कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजलं, वाळलं, आणि मग ती बेतायला बसली. माप घेताना तिनं मला विचारलं, "ओवीला कंच्या कडेवर घेतेस?" मी म्हटलं डाव्या. "मग खिसा उजवीकडं." स्कूटीची चावी, फोन, रुमाल राहील एवढा खोल खिसा. पुढं बटणपट्टी, ती दुसऱ्या पट्टीखाली लपलेली. बाही कोपराच्या खाली, म्हणजे हँडल धरलेले हात उन्हात भाजणार नाहीत. आणि छातीवर कापड दुहेरी, ओढणी नको म्हणून. सासूबाईंना ते पटलं नाही. "ओढणीबिगर जायाची सून?" त्या म्हणाल्या. ताईनं मान वर न करता सुईत दोरा ओवला. "आई, ओढणी चाकात गेली तर ओढणी नाय जायाची, सून जाईल." आठवडाभरानं सोमवारी मी तो पहिला कुर्ता घालून निघाले तेव्हा सासूबाई दारापर्यंत आल्या, मला वरखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "रुमाल तरी घे डोक्याला."

मी नोकरी सोडली नाही. आज ओवी शाळेत जाते आणि मी अजून त्याच लॅबमध्ये आहे.

मग हळूहळू बायका येऊ लागल्या. आधी आमच्या लॅबमधली झाडलोट करणारी मावशी, मग एक आशाताई, मग रिसॉर्टवर खोल्या आवरायला जाणाऱ्या दोघी बहिणी, कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या पोरी. होळीच्या आधीपासून आमच्या पडवीत कापडाच्या पिशव्या दिसायच्या. लग्नाचे ब्लाउज घेऊन कुणी आलं तर ती सरळ परत पाठवायची. "लगीनाचं शिवणारे लय हायत गं. कामावर जाणारीला कोण शिवतंय?" माप घ्यायच्या आधी ती त्यांना समोर बसवायची, चहा द्यायची आणि दिवस विचारायची. उठतेस कधी, पाणी भरतेस का, किती वाकावं लागतं, गाडीवर जातेस का चालत, पोराला कोण बघतं. बायका सांगता सांगता रडायच्या. बहुतेकींना त्यांचा दिवस कुणी पहिल्यांदाच विचारलेला असायचा.

ताईला मूल नव्हतं. गावात त्यावर काय बोललं जायचं ते मी ऐकलं होतं, पण तिला मी कधी विचारलं नाही. एकदा पॅकिंगची एक पोर आली, पोट दिसायला लागलेलं. ताईनं तिचा कुर्ता दोन दिवसांत शिवून दिला, कुणाचाही इतक्या घाईनं दिला नव्हता. ती गेल्यावर ताई मशीनवर हात ठेवून बसून राहिली. मग स्वतःहूनच बोलू लागली. लग्नानंतर तीही चौक गावाकडच्या एका कंपनीत जायची. गणवेश म्हणून नायलॉनची साडी. पत्र्याची शेड, मे महिना, पाचवा महिना चालू. "दुपारी उभ्याउभ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पडले ती पडलेच. दवाखान्यात नेलं, पण पोर राहिलं नाय. त्यानंतर ह्यांनी कामावर जाऊ दिलं नाय, न दुसऱ्यांदा काय झालंबी नाय." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "डॉक्टर बोललेले, साडीचा काय संबंध नाय. नसंल. ते शिकलेले हायत. पण मला पोराचं काय आठवत नाय गं... ती साडी पाठीला चिकटलेली आठवते."

त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

गेल्या दिवाळीत ती मशीन चालवताना मध्येच थांबू लागली. दंडावर, मांडीवर निळे डाग यायचे. म्हणायची, म्हशीनं ढकललं असेल. मी तिला लॅबमध्ये घेऊन गेले आणि रक्त मीच काढलं. काच सूक्ष्मदर्शकाखाली मीच सरकवली. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण त्या कॅन्सरच्या पेशी ओळखायला मला डॉक्टरांची वाट बघावी लागली नाही. बाहेर बाकावर ती एका तान्ह्या मुलाच्या आईशी बोलत बसली होती, "गळा बंद नको शिवू गं उन्हाळ्यात," असं काहीसं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "वर्षे, वाईट हाय ना?" मी मान हलवली. "घरी ह्यांना मी सांगीन," ती म्हणाली. "तू नको सांगू."

मुंबईचे दवाखाने सुरू झाले. औषधं देण्यासाठी तिच्या छातीपाशी नळी बसवली. तिचे डोक्यातून घालायचे कपडे आता कामाचे राहिले नाहीत. मधल्या दिवसांत घरी आली होती तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "मला पुढनं सगळा उघडणारा शिवायला पायजे. माझ्या हातानं होयाचा नाय. तू शिव." मी आयुष्यात बटण लावण्यापलीकडं काही शिवलेलं नव्हतं. ती खाटेवरून सांगायची, मी करायचे. सुई मोडली, दोरा गुंतला, सासूबाई मोबाईलचा उजेड धरून माझ्या शेजारी बसल्या, कारण वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी कुर्ता तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट केला आणि हसत सुटली, खोकला येईपर्यंत. "बाही उलटी लावलीस की गं!" मी ओढून घ्यायला गेले, म्हटलं, उसवून देते. तिनं सोडला नाही. "असू दे. घालायचा मला हाय ना?" संतोष सांगायचा, हॉस्पिटलात प्रत्येक नर्सला ती बाही दाखवायची. "माझ्या जावंनं शिवलाय."

मी तिला शेवटची भेटले तेव्हा तोच तिच्या अंगात होता. बोलायला त्रास होत होता. मी खाटेच्या कडेला बसले, तर तिनं माझ्या कुर्त्याचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं. "हे विरलं गं सगळं," ती म्हणाली. "यंदा नवीन शिवायला पायजेत." मी हो म्हटलं. तिनं डोळे मिटले, पण टोक सोडलं नाही. नर्स आली तेव्हा मीच ते हळूच सोडवून घेतलं.

बायका अजून येतात. बातमी सगळीकडं पोचलेली नाही. सासूबाई त्यांना पडवीत बसवतात, चहा देतात आणि मग सांगतात.

परवा रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात गेले. ताई असताना कपडे वाळत घालणं तिच्याकडं होतं, आणि ती प्रत्येक कपडा उलटा करून दोरीवर टाकायची, उन्हानं रंग उडू नये म्हणून. ती गेल्यापासून कोण कपडे धुतंय, कोण टाकतंय, याकडं घरात कुणाचं लक्ष नव्हतं. पाहते तर दोरीपाशी दादा उभे. या माणसानं कधी पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेतलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी स्वतःचे सदरे टाकले होते, संतोषचे टाकले होते, ओवीचा फ्रॉक टाकला होता, सगळे उलटे. आणि आता बादलीतून माझा कुर्ता काढून ते त्याची एकेक बाही आत हात घालून बाहेर ओढत होते. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीच्या कपड्याला हात लावायचा, असं आमच्या घरात कधी घडलेलं नाही. माझी चाहूल लागली तसे ते थबकले. कुर्ता हातातच राहिला.

"उलटा टाकला म्हणजे रंग ऱ्हातो," ते दोरीकडं बघत म्हणाले. "ती बोलायची."

मी पुढं झाले, कुर्त्याचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी तो झटकून दोरीवर टाकला.