ह्युब्रिस आणि प्रभाकरराव मास्तर

नाचणगावचे प्रभाकरराव पुलगावच्या शाळेत इंग्रजी शिकवत. इंग्रजी त्यांचं चांगलंच होतं. त्याहून चांगलं आहे असा त्यांचा समज होता, आणि गावानं तो जपला होता. कुणाकडे तार आली की वाचायला मास्तर. पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणायलाही मास्तरच. झडत्या म्हणजे बैल ओळीनं उभे असताना म्हणायच्या थट्टेच्या ओळी. पाटील असो की सरपंच, त्या दिवशी रागवायची सोय नसते.

अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्यात मात्र मोठ्यांना चिमटे काढायचं सोडून मास्तरांनी रूपरावजी या वयस्कर शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या, लंगड्या बैलावर झडती रचली. अख्खं गाव पोट धरून हसलं. मास्तर आठवडाभर हवेत होते. रूपरावजी मान खाली घालून गेले, ते पारावर बसायलाही येईनात. म्हाताऱ्याला विनोद कळत नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात धडे काढताना ‘ह्युब्रिस’ हा शब्द आडवा आला. वर्षानुवर्षं ते त्याचा अर्थ ‘अति गर्व’ एवढाच सांगत. या वेळी त्यांनी जाडजूड कोश उघडला. शब्द मूळचा ग्रीक. इंग्रजीत रुळून शंभर वर्षंही झाली नव्हती. देवांनाही न जुमानणारा गर्व, हा अर्थ मागाहून चिकटलेला. जुन्या अथेन्समध्ये तो चक्क गुन्हा होता: पदरात काही पडायचं नसताना, निव्वळ मजा म्हणून दुसऱ्याची चारचौघांत मानहानी करणं. मास्तरांना रूपरावजींची खाली गेलेली मान आठवली आणि फार वाईट वाटलं. बायकोला, मंदाबाईंना, त्यांनी ते सांगितलं. एवढं कळायला ग्रीस गाठावं लागलं का, असं बाईंनी विचारलं.

तरी पाय उचलायला पोळ्याची आदली संध्याकाळ यावी लागली. घरोघर बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकणं चाललं होतं. रूपरावजी अंगणात खाटेवर नुसते बसून होते. मास्तरांनी सरळ माफी मागितली. उद्या तोरणाखाली पहिला मान तुमच्या बैलाचा, मी स्वतः त्याला ओवाळतो, असंही म्हणाले.

रूपरावजींनी त्यांना खाटेवर जागा करून दिली.

“कोनाले आनू, मास्तर? त्याले इकलं मी, मांगच्याच साली. उमरभर माह्या वावरात राबला, मले कधी त्याची लाज नाई वाटली. त्या दिवशी वाटली.”