भाऊची वजाबाकी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुर्गला शाळेत पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. "बेबीताई, तुमचे भाऊ गेले वो," एवढंच ती म्हणाली आणि तिच्या हातून फोन कुणीतरी घेतला. खरं सांगते, मला रडू आलं नाही. राग आला. माझा थोरला भाऊ मनोहर, सगळ्या गोतावळ्याचा 'भाऊ', आयुष्यभर दुसऱ्याला "नेमकं काय ते सांग" म्हणून छळत आला आणि स्वतःच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा "ॲसिडिटी आहे" एवढ्यावर भागवत राहिला. कुठं दुखतं, कधीपासून, चालताना जास्त होतं का... हे त्याला कुणी विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात प्रश्न विचारायचं खातं त्याचं एकट्याचं होतं. दुसऱ्यानं विचारलं की हा हसायचा आणि उठून जायचा.

भाऊ पोलादाच्या प्लांटच्या स्टोअर्समध्ये होता. मोठ्या जाळीच्या खिडकीमागे बसून सामान द्यायचं, हे त्याचं काम. खुर्सीपार वस्तीकडचा एखादा ठेक्यावरचा कामगार घाईनं यायचा, "साहब, एक नट देना." झालं! "कौन सा नट? साइज बोलो, ग्रेड बोलो. मशीन कौन सी है?" तो बिचारा परत वर्कशॉपमध्ये जायचा, विचारून यायचा, तरी काहीतरी राहिलेलंच असायचं. लोक शिव्या देत, पण चुकीचा नट त्या खिडकीतून कधी बाहेर गेला नाही, हेही तेच लोक सांगत. तिथवर ठीक होतं. पण हा माणूस ती खिडकी घरी घेऊन आला. वहिनीनं "येताना डाळ आणा" म्हटलं की पायरीवरूनच परत, "कोणती?" तुरीची. "फटका की साधी? किती?" वहिनी शेवटी पिशवी त्याच्या हातातून ओढून स्वतः जायची. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत.

रिटायर झाल्यावर वाटलं होतं, आता थंड होईल. तर त्याची मुलगी मिनी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा जुना कॉम्प्युटर भाऊच्या जुनवानीच्या घरात पुढच्या खोलीत राहिला. भाऊला इंटरनेटवर शोधण्याचा नाद लागला. त्याच्या लेखी ती जगातली सगळ्यात मोठी स्टोअर्स होती आणि या वेळी तो स्वतः खिडकीच्या अलीकडे उभा होता. आपण जसं मागू तसं मिळणार, मग मागणं चोख पाहिजे. कुठून कुठून शिकला देव जाणे. शब्द जसेच्या तसे एकापुढे एक हवे असतील तर अवतरणचिन्हात घालायचे. जे नको त्याच्या आधी वजाचं चिन्ह द्यायचं, पण वजा शब्दाला चिकटलेला पाहिजे. एकाच ठिकाणचं हवं असेल तर साइट, मग कोलन, मग जागा न सोडता त्या ठिकाणाचा पत्ता. त्यातून फक्त पीडीएफ हव्या असतील तर त्याची आणखी वेगळी खूण. शिकला तो शिकला, मग आम्हाला शिकवायला निघाला. एकदा मला शिक्षण विभागाचं एक जुनं परिपत्रक तातडीनं हवं होतं. त्याला फोन केला. दोन मिनिटांत काढून पाठवू शकला असता. पण नाही! "तूच टाइप कर. मी सांगून राहिलो न." अर्धा तास मला फोनवर धरून त्यानं कोलनच्या पुढची जागा खोडायला लावली. परिपत्रक मिळालं, पण तोवर माझ्या चहाचं पाणी आटून भांडं करपलं होतं. "आता जन्मात विसरणार नाहीस," असं वर म्हणाला. विसरले नाही, हीच तर चीड आहे.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता, हे मात्र सांगायला हवं. आईचं माहेर करंजटोला, वैनगंगेच्या काठी. तिथं तिच्या आजोबांनी खोदलेली चार मोटांची विहीर होती, एकाच वेळी चारही बाजूंनी बैल ओढायचे, असं ती सांगायची. बाबा होते तोवर तिला चिडवायचे, "दोनच असतीन. बाकीच्या दोन तू लगनात घेऊन आली." सगळे हसायचे आणि आई फणकारायची. पुढे नदीवर धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं. आईचे वडील नव्या वस्तीत गेले आणि वर्षाच्या आत वारले. आईनं अंथरूण धरलं. तेव्हा भाऊनं घरात फर्मान काढलं, आईसमोर 'धरण' हा शब्द कुणी काढायचा नाही. आम्ही नाही काढला. बातम्यांत धरणाचं काही आलं की टीव्हीचा आवाज बंद. बोलायचंच झालं तर आम्ही 'ते पाणी' म्हणायचो. एवढी वर्षं आम्ही ते इमानेइतबारे पाळलं.

अलीकडे आईची नजर उतरत चालली. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती जपा, परत येणार नाही. तेव्हापासून तिनं एकच धरून ठेवलं, "डोये जायच्या आधी माह्या आज्याची विहीर एकदा पाहू दे, मनोहर. कोणी तं फोटू काढला असंन." आणि भाऊ रोज सकाळी आंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसायला लागला. बालाघाटकडे दुसरा एक करंजटोला निघाला, तो वजा केला. प्लॉट विकणारे वजा, हॉटेलवाले वजा. आई पलंगावरून विचारायची, "भेटली का?" हा म्हणायचा, "कोणती? आज लई विहिरी आल्या, त्यातली आपली नाही."

मी शेवटचं त्याला पाहिलं तेव्हाही तो तिथंच बसला होता, एका हातानं छाती चोळत. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, बस कर आता. नाही भेटत. आईले सांगून टाक न सरळ."

तो वळलासुद्धा नाही. "वस्तू भेटत नाही असं नसते, बेबी. मांगणं चुकते."

"आणि छातीले काय झालं?"

"ॲसिडिटी."

त्यावर मी पर्स उचलली आणि निघाले. हे आमचं शेवटचं बोलणं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, मिनी पुण्याला परतली. त्यानंतरच्या एका रविवारी मी जुनवानीला गेले. आई पलंगावर तशीच, तोंड कॉम्प्युटरकडे. म्हणाली, "तो नाही तं तूच पाह्य आता." नाही कसं म्हणणार... मी त्याच्या खुर्चीत बसले. सर्चच्या चौकटीत 'क' लिहिला न लिहिला तोच चौकटीनं अख्खी ओळ पुढे केली. जित्याची खोड म्हणतात, इथं ती मेल्यावरही गेली नव्हती. करंजटोला अवतरणात, विहीर अवतरणात, मग वजांची रांग. बालाघाट वजा. हॉटेल वजा. प्लॉट वजा. आणि शेवटी... धरण वजा.

मी कपाळावर हात मारला. अरे माणसा! गाव धरणात गेलं, विहीर धरणात गेली, तिथला जो कुणी फोटो काढेल तो धरणाचं नाव घेतल्याशिवाय कसा राहील? आईच्या कानावर पडू नये म्हणून घरातून काढलेला शब्द यानं शोधातूनही काढून टाकला होता. रोज सकाळी नेमानं बसायचा आणि जे हवं तेच आधी वजा करायचा. मला इतका संताप आला की डोळ्यांना धारा लागल्या. इतक्या दिवसांत आलं नव्हतं ते रडू त्या एका आडव्या रेघेनं आणलं.

मी ती एक रेघ खोडली.

फोटोंची रांग आली, त्यातला दुसराच. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं, भेगाळलेला गाळ, आणि मधोमध दगडी विहिरीचं तोंड. आईला हाताला धरून आणलं. नीट दिसावं म्हणून ती मान वाकडी करून पडद्याजवळ गेली. मोटेचं पाणी पडायचं ती दगडी थारोळी काठावर अजून शाबूत होती. तिनं बोट लावून मोजली. एक, दोन, तीन... "चार! पाह्य, चारच आहेत. सांग तुह्या बापाले!"

मग म्हणाली, "खाली काय लिवलं आहे?"

मी वाचायला लागले, "पाणी उतरल्यावर उघडी पडलेली..." आणि अडखळले.

"वाच न वो. धरणाचं पाणी असंच लिवलं असंन." आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही पोट्टे कावून घाबरता त्या नावाले, मले समजलंच नाही कधी. माहं गाव धरणात आहे, हे मले मालूम नाही का?"

मी दारात उभ्या वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे. डाळ कोणती, नट कोणता, परिपत्रक कोणतं... साऱ्या दुनियेला खोदून खोदून विचारणाऱ्या माझ्या भावानं, आईला तो शब्द नकोय का, एवढं एक आईला कधी विचारलं नाही. मांगणं चुकलं, भाऊ. तुझं चुकलं. हे त्याच्या तोंडावर सांगायला मला तो हवा होता. त्यानं वाद घातला असता, वजाचे नियम सांगितले असते, मी चिडून पर्स उचलली असती. आणि दारातून परत आले असते, कारण फोटो त्याला दाखवायचा राहिला असता.

वहिनी म्हणते, कॉम्प्युटर फार हळू चालतो, जुनं सगळं पुसून टाकू. मी हात लावू देत नाही. फोटो वेगळा काढून ठेवता येतो, हे मलाही कळतं, तरी ठेवलेला नाही. रविवारी जाते, 'क' लिहिते, भाऊची ओळ येते. धरणाआधीची रेघ खोडते. पलंगावरून आई विचारते, "भेटली का?"

"भेटली," मी म्हणते. आणि मग उगाच थोडी थांबते, कुणीतरी "कोणती?" म्हणेल म्हणून.