तीन बोटांचा बार

निलेशने गॅलरीतल्या कबुतरावर नेम धरून बंदुकीचा घोडा ओढला आणि तोंडानेच 'ठो' केलं. कबुतर हललंसुद्धा नाही. लालबागचं कबुतर ते, गणपतीतले ढोल ऐकत वाढलेलं. हादरलं ते घर. लक्ष्मीकाकीच्या हातातला बांगडा तव्याऐवजी लादीवर पडला आणि आंघोळीला निघालेला दौलतकाका दारातच थिजला.

"ठेव ती खाली. मेल्या, आधी खाली ठेव!"

"काका, रिकामी आहे ती."

"कोणी सांगल्यान तुका?"

सांगायला कोणी कशाला हवं? गेल्या निवडणुकीआधी ही ठासणीची बंदूक पोलिसांकडे जमा झाली, तेव्हा काकानेच ती उपसून रिकामी केली होती. सुटून आल्यापासून ती गावच्या कपाटात कुलपात. परवाना पुढे चालवणारं कोणी नव्हतं, म्हणून निलेशने कालच ती कागदपत्रांसकट कणकवलीहून आणली. उद्या गिरगावातल्या बंदूकवाल्याकडे कायमची द्यायची. काकाचा हट्ट एवढाच, की भावाची वस्तू घरातून जाताना रिकामी जावी, तिच्यावर कसलं देणं राहू नये.

हा भाऊ म्हणजे निलेशचा बाप, बाबल. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. काका गिरणी होती तोवर साच्यावर राबला आणि गिरणी गेल्यावर तिच्याच जागी उठलेल्या टॉवरमध्ये लिफ्टवर बसला. आयुष्यभर वर-खाली केलं नि उतरलो शेवटी चाळीतच, असं तोच हसून सांगायचा. गणपतीला गावी गेला की मात्र तो भावामागून रान तुडवायचा. लावा पक्ष्यांची शिकार कायद्याने कधीच बंद झाली होती, पण बाबलने ही बातमी स्वतःच्या कानावर येऊ दिली नव्हती. आणि काकाच्या हाती बंदूक असली की लाव्यांना तशीही काळजी नसे.

काकाने बंदूक भिंतीला टेकवून उभी केली आणि गज नळीत सोडला. गजावर एक खाच होती. नळी रिकामी असली की तो खाचेपर्यंत आत जाई. बार भरलेला असला की खाच चार बोटं वर राही. काकाने बोटं लावली.

"तीन," तो पुटपुटला. "एक कमी कसा?"

"म्हणजे भरलेली आहे?" निलेशचा आवाज बारीक झाला. मघाच्या 'ठो'चा अर्थ त्याला आत्ता कळत होता.

काकाने दुसरा, टोकाला पीळ असलेला गज घातला आणि हळूहळू फिरवत ओढला. काथ्याचा बोळा बाहेर आला. लालसर. ओला.

खोलीत तंबाखूच्या पानाचा वास पसरला. या घरात पान कोणीच खात नव्हतं. वरचा बोळा तोंडातल्या पानाबरोबर चघळून मग ठासायचा, ही खोड अख्ख्या वाडीत एकट्या बाबलची.

"माका बघूक नको," म्हणत काकीने गॅस बंद केला.

मग ताटलीत छर्रे गळले, टपटप. मग खालचा काथ्या. त्याखाली बंदुकीची दारू हवी, बोटभर. काकाने बंदूक उलटी केली, ठोकली, पुन्हा ठोकली. कणही पडला नाही.

"बघा, भरणारा दारूच विसरला," निलेश ओढूनताणून हसला. "भूतसुद्धा आपल्याच घराण्यातलं."

"तुझो बापूस विसरणारो नाय." काका खाली बसला. "शेवटच्या गणपतीक माझी दारू संपली. त्येच्याकडची मापभर घेतलंय, नि लावो चुकवलंय. तो म्हणालो, दौलत, माझो एक बार तुझ्याकडे उसनो. म्हटलंय, पुढच्या गणपतीक देतंय." तो ताटलीकडे बघत राहिला. "त्येना आपला सगळा भरल्यान, रे. रवली ती माझ्याकडची उसनी दारू."

यावर थट्टा करायची निलेशची सवय होती. या वेळी त्याने ताटलीबाहेर घरंगळलेला छर्रा उचलून परत आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी गिरगावात बंदूकवाल्याने गज सोडला. खाचेपर्यंत गेला. "रिकामी," म्हणून त्याने पावती फाडली. काकाने खिशातून कळकाच्या पेराचं माप काढून पुढे धरलं.

"एवढी दारू द्याल? एकच बार."

"काका, परवानाच जमा केलात ना आत्ता? कशावर देऊ?"

घरी येऊन काकाने भावाच्या फोटोपुढे फळीवर सगळं मांडलं: छर्रे, काथ्याचे दोन बोळे आणि माप. संध्याकाळी त्याने लाल बोळा बोटांत दाबून पाहिला. एवढ्या उकाड्यात दिवसभर पंख्याखाली राहूनही तो वाळला नव्हता.

माप शेजारीच होतं, तोंड वर करून, रिकामं.