भंगारात जाण्याआधी रंगाचा एक हात

लालबागच्या आमच्या गाळ्यात जुने फ्रिज, मिक्सर रंगवायला येतात. प्रत्येक वस्तूवरून घरात आधीच वाद झालेला असतो: ठेवायची की भंगारात द्यायची? वस्तू रंगवून परत जाते, वादाची गोष्ट मात्र आमच्याकडेच राहते. अशा इतक्या साठल्या, की आता लिहून काढलेल्या बऱ्या! मी फारसं बोलत नाही. बोलायचं काम तात्यांचं. गाळा त्यांचा, मी घासतो, टेप लावतो, स्प्रे मारतो.

*

शिवडीच्या एका काकांचा मायक्रोवेव्ह लालभडक करून दिला. दुसऱ्या दिवशी काका परत हजर.

"चालत नाही."

"आणलात तेव्हा चालत होता?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"म्हटलं, रंगानंतर बघू!"

*

गिरगावच्या एका काकूंचा मिक्सर. बटणाभोवतीच्या आकड्यांवर टेप लावायला मी विसरलो. एक, दोन, तीन, सगळे रंगाखाली गेले!

"मेल्या, ह्यां काय केलंस?" तात्या ओरडले.

काकू म्हणाल्या, "ओरडू नका त्याला. मला आकडे लागत नाहीत, हात बसलाय माझा. पण रोजची चटणी हे वाटतात ना!"

ब्रशने आकडे परत काढून दिले. जरा मोठेच काढले.

*

तात्या सीझनला गणपती रंगवतात. एकदा ऐन सीझनमध्ये वडाळ्याच्या एका साहेबांचा फ्रिज मध्येच घेतला आणि हाताच्या सवयीने हँडलला मुकुटाचा सोनेरी मारला!

साहेब बघतच राहिले. "तात्या, याचं विसर्जन पण करायचं का?"

बरोबर आलेल्या त्यांच्या बाई म्हणाल्या, "राहू दे. छान दिसतंय."

राहिलं.

*

परळच्या एका दादांना वडिलांचा फ्रिज निळा करून हवा होता. केला. दादा म्हणाले, "हा शाळेच्या शर्टाचा निळा झाला. मला आमच्या झेंड्याचा पाहिजे." आणि घरचा झेंडाच घेऊन आले.

तात्यांनी आधी चपला काढल्या, मग शेड जुळवली.

*

अँटॉप हिलच्या मावशी सरकारी क्वार्टर सोडून मुलाकडे राहायला चालल्या होत्या. एके काळी त्या पाळणाघर चालवायच्या.

"पंधरा पोरांचं दूध या फ्रिजमध्ये राहायचं," त्या मला म्हणाल्या. "सून म्हणते, नव्या घरात जुना नको. तिला सांगितलंय, नवा मागवलाय. असा रंगव, की तिला कळता कामा नये. कळलं तर हा भंगारात."

तीन दिवस लागले. गंज काढला, पोचे भरले, दाराचं रबरसुद्धा बदललं. पण मुलाच्या घरी नेताना जिन्यात दाराचा वरचा कोपरा खरचटला. फ्रिज जागेवर लागल्यावर मी तिथे गुपचूप रंगाचा हात मारला.

"आला बघ नवा!" मावशींनी हाक मारली.

सून आली. फ्रिजभोवती एक फेरी मारली. दार उघडलं, लावलं. आणि आत गेली. मावशींनी माझी बाही घट्ट धरली.

सून बाहेर आली ती हळद-कुंकवाचा करंडा घेऊन. घरात नवी वस्तू आली की लावतात ना, तसं! तिने बोट कुंकवात बुडवलं आणि नेमकं त्याच कोपऱ्याकडे नेलं.

"वहिनी, तिथे नको! रंग ओला आहे!"

ओरडलो मीच.

मावशींनी डोळे मिटून घेतले. वहिनींचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी एकदा सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग कुठे लावू, दादा?"