सासूबाईंचा लाल दिवा

त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेतच नसे. सगळे त्याला 'थांबा' म्हणत, कारण दुसऱ्याचं काम सुरू व्हायच्या आत हा शब्द त्याच्या तोंडून निघालेला असे. कुणी प्रोग्रॅममध्ये साधा स्वल्पविराम हलवला तरी हा खुर्ची ओढत हजर. "थांबा! आधी बघू." मग बघायचा, पुन्हा बघायचा, समोरच्याचा चहा गार व्हायचा, आणि तेव्हा कुठे मान हलायची. लोक ताक फुंकून पितात. हा रिकामं भांडंसुद्धा फुंकायचा.

कंपनी लॉन्ड्र्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कपडे आले, धुतले, इस्त्री झाली, 'तयार' झाले, की गिऱ्हाइकाला मेसेज. संपलं. पण एवढ्यातही लोक असे घोळ घालत की विचारू नका! एकदा एका पैलवानाला घरपोच बाळाचे मोजे गेले होते. असं काही झालं की सगळ्यांना थांबाच आठवायचा, आणि तो बिचारा जेवणाचा डबा अर्धा टाकून निस्तरत बसायचा.

शेवटी वैतागून त्याने दोन वर्षं खपून एक टूल लिहिलं. कोडमध्ये कुणीही काही बदललं, की ते लॉन्ड्रीपर्यंत पोचायच्या आत हे टूल ते तपासणार, मागचे सगळे गोंधळ आठवणार, आणि धोका किती ते दिव्याने सांगणार. हिरवा, पिवळा नाही तर लाल. ऑफिसातल्या टेस्टरबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, 'सासूबाई'. "दुसरं काय म्हणू? दिवसभर लोकांच्या कामात खोट काढायची, आणि स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही!"

साहेबांनी मात्र सरळ सांगितलं, "शुक्रवारी सगळ्यांसमोर दाखव. पटलं तर ठेवू, नाही तर गुंडाळू." दोन वर्षांची मेहनत, आणि गुंडाळू म्हणे!

शुक्रवारी सकाळी सगळे जमले. साहेब म्हणाले, "माझाच एक बदल घ्या. ते 'तयार' फार कोरडं वाटतं. 'एकदम तयार' करा." टेस्टरबाईंनी तेवढा शब्द बदलला आणि तपासणारा म्हणून नेहमीप्रमाणे थांबाचं नाव घातलं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि चटकन लाल दिवा लावला. खाली कारण उमटलं: 'तपासणारा: थांबा. आजवरच्या बहुतेक गोंधळांत हे नाव सापडले.'

खोलीत हसण्याचा असा गडगडाट झाला की भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं.

झालं होतं ते उघड होतं. गोंधळ झाला की निस्तरायला याला बोलवायचे, म्हणून प्रत्येक गोंधळाच्या नोंदीत याचं नाव. आग तिथे बंब, म्हणून आग बंबानेच लावली, असा सासूबाईंचा हिशेब! टेस्टरबाईंनी गंमत म्हणून त्याचं नाव काढून बघितलं. दिवा हिरवागार.

"मग काय, गुंडाळायचं का?" साहेब डोळे पुसत म्हणाले.

थांबा बाहेर पॅसेजमध्ये गेला आणि त्याने बायकोला फोन लावला. "पोटच्या पोरीसारखं वाढवलं गं तिला! आणि चारचौघांत मलाच पांढऱ्या पायाचा ठरवते!"

बायको पलीकडे हसू दाबत होती. "अहो, ते ठीक आहे. पण आत्ता तुम्ही चिडलेले आहात. घरी या, मग बघू. तोवर कशालाही हात लावू नका."

ऐकेल तो थांबा कसला! तो तरातरा आत आला. टूल गेलं उडत, दोन वर्षंही गेली खड्ड्यात, पण आपण अपशकुनी नाही हे त्याला दाखवायचंच होतं. "काय होतंय बघू एका शब्दाने!" असं म्हणून त्याने आपलं नाव परत घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न बघता 'मंजूर' दाबलं.

दुपारपर्यंत काही झालं नाही. थांबा छाती काढून फिरत होता. मग साहेबांचा फोन वाजला. संध्याकाळी त्यांच्या मेव्हणीचं लग्न होतं आणि सूट लॉन्ड्रीत होता.

"सूट माझ्या डोळ्यांसमोर लटकतोय साहेब," लॉन्ड्रीवाला सांगत होता, "पण तुमचं मशीन म्हणतंय तयार नाही, आणि बिलच निघत नाही. इथे गिऱ्हाइकांची रांग लागलीय. एक जण तर टॉवेलवर आलाय!"

प्रोग्रॅमच्या पोटात कुठेतरी दुसरा भाग 'तयार' या शब्दाची वाट बघत बसला होता. 'एकदम तयार' म्हणजे कोण, हे त्याला काय ठाऊक? रोजच्यासारखं दोनदा बघितलं असतं तर थांबाला ते पहिल्या फेरीतच दिसलं असतं.

त्याने घाम पुसत शब्द जागेवर आणला. साहेबांना सूट मिळाला, टॉवेलवाल्याला पँट मिळाली. जाता जाता साहेब म्हणाले, "सासूबाई राहणार. सकाळी एकटी तीच खरं बोलत होती." थांबाला आनंदाने रडू येत होतं आणि शरमेने वर बघवत नव्हतं.

टेस्टरबाईंना त्याची दया आली. "तुमचं नाव तिच्या आठवणीतून काढून टाकू का? उगाच जन्मभर लाल दिवा."

"थांबा," तो म्हणाला. "राहू दे."

घरी बायको दारातच उभी होती. "राहिलं का टूल?"

"राहिलं."

"मग तोंड असं का?"

त्याने बुटाची नाडी सोडता सोडता सगळं सांगितलं, टॉवेलवाल्यासकट. "मी चिडलो, न बघता बटण दाबलं, आणि पोरगी खरी ठरली."

"म्हणजे तिला बनवायला दोन वर्षं लागली," बायको पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाली, "आणि मी लग्नापासून हेच सांगतेय. माझ्याकडे फक्त दिवा नव्हता."