खलिया वाढणारा

खुलताबादच्या एका लग्नाच्या दावतीत तो माझ्या शेजारी बसला होता. अंगातल्या सदऱ्यात अजून एक माणूस मावला असता. खलियात, म्हणजे मटणाच्या झणझणीत रश्श्यात, बुडवलेला नानचा एक तुकडा त्यानं डोळे मिटून कितीतरी वेळ चघळला आणि तो उठलाच. यजमानाचा चेहरा पडला. "पसंत नाय पडलं का?"

"लई पसंत पडलं, भाईजान. पण वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. जास्त खाल्लं की आंबट पाणी घशाशी येतं, छाती जळते."

मग वाढप्याच्या हातातलं पातेलं घेऊन तोच वाढत फिरू लागला. समोरच्यानं घास गिळेपर्यंत हलेना. आग्रहाचा मला भारी वैताग. मी ताटावर हात आडवा धरला.

"पोट माझं छोटं केलंय डॉक्टरनं," तो हसला, "तुमचं नाय."

मी हात काढला.