मरियमला मी बाहेर बसवलं

मी बहरीनला निघाले तेव्हा नागपूर विमानतळावर तुम्ही सगळ्या जुन्या टीमच्या जर्सी घालून आल्या होतात. कविताची जर्सी तिला पोटावर बसत नव्हती, पण ती कोणाला हसू देत नव्हती. निरोप राहिला बाजूला, आपला नेहमीचा वाद तिथेही पेटला. कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल चॅम्पियनशिप आपण जिंकलो, ती कविताच्या उपजत खेळामुळे की बोरकर सरांनी आपल्याला रोज सकाळी रडवलं म्हणून? मी सरांच्या बाजूनं भांडले. फायनलमध्ये कविता फाउल होऊन बाहेर गेली तेव्हा उरलेल्या आपण साध्याच मुली होतो, पण कुठे उभं राहायचं ते आपल्या पायांना ठाऊक होतं. भांडता भांडता मला रडू फुटलं. आई म्हणाली, "काहून रडून राहिली? खेळ शिकवायलेच तर चालली न तू."

परवा ग्रुपवर तोच वाद निघाला आणि तुम्ही लिहिलंत, तू आता कोच आहेस, तूच सांग. आज लिहिते.

माझा नवरा मिलिंद बहरीनला आधी आला होता, मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करायला. मागून मी आणि आमची मुलगी सई आलो. मला एका खाजगी कॉलेजात मुलींची टीम मिळाली. सुरुवातीला बरं चाललं होतं. सुटीच्या दिवशी झल्लाकच्या किनाऱ्यावर जायचो. मी मराठीत बोलायचे, सई इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मग वर्कशॉप बंद पडलं. मिलिंद आधी रोज शर्ट इस्त्री करून काम शोधायला जायचा. पुढे पुढे इस्त्री तशीच पडून राहायला लागली. आम्हा तिघांचा व्हिसा माझ्या एका कॉन्ट्रॅक्टवर आला.

त्याच वर्षी कॉलेजात नवे डीन आले, आणि मरियम आली. मरियम इथलीच, उंच, आळशी, प्रॅक्टिसला कायम उशिरा. पण बॉल हातात आला की बाकीच्या नऊ जणी नुसत्या उभ्या असल्यासारख्या वाटायच्या. मला कविता आठवायची. डीनसाहेब एकदा मॅच बघून मला म्हणाले की चांगली खेळाडू मिळाली की झालं, कोच कोणीही चालतो. हसतच म्हणाले. वर हेही सांगितलं की चॅम्पियनशिप आली तर कॉन्ट्रॅक्टचं बघू, इंशाल्ला.

त्यानंतर माझी झोप गेली. मी मुलींना सरांसारखंच घासत होते: पाय, पास, जागा. आणि मनात मात्र देवाचा धावा चालायचा की मरियमला काही होऊ नये. जे शिकवत होते त्यावर माझाच विश्वास उरला नव्हता.

फायनलच्या दिवशी निघताना मिलिंद म्हणाला, "तिला शेवटपर्यंत ठेव. बाकी काही करू नको."

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मरियम उडी मारून उतरली ती वाकडीच. लगेच उठली, धावलीही. पण टाइमआउटला ती बेंचवर बसली तेव्हा मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो गरम होता आणि सुजत चालला होता. आम्ही पुढे होतो. तिनं माझं मनगट धरलं.

"मॅम, मफी प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम. प्लीज."

मी प्रेक्षकांत मिलिंदला शोधलं. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं मान खाली घातली. एकोणीस वर्षांची ती पोर, आणि तिच्या गुडघ्यावर माझं अख्खं घर उभं. मी तिच्या जागी दुसरी मुलगी पाठवली.

उरलेल्या मुली काय खेळल्या म्हणून सांगू. जिथे असायला हवं तिथे प्रत्येक जण होती. पार शेवटपर्यंत बरोबरीनं लढल्या आणि एका बास्केटनं हरलो. तेव्हा तुमच्या वादाचं उत्तर हे असं आहे. शिकवण्यानं आम्ही तिथवर पोचलो. ते शेवटचं बास्केट मरियमनं डोळे मिटून टाकलं असतं.

डीननी आवाज चढवला नाही. जिंकून देणारी मुलगी बाहेर बसवणारा कोच कॉलेजला परवडत नाही, एवढंच म्हणाले. कॉन्ट्रॅक्ट खलास. घरी आल्यावर मिलिंद म्हणाला, "तू बरोबर केलंस," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

गेल्या आठवड्यात कॉलेजात स्टोअरच्या किल्ल्या परत करायला गेले. कोर्टाच्या काचेच्या दाराशी थांबले. आत मरियम गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीवर बसली होती आणि नव्या मुलींकडून पायांची तीच कंटाळवाणी प्रॅक्टिस करून घेत होती. घाईत मी मुलींवर मराठीत ओरडायचे, ते तिनं कधी उचललं कोण जाणे. ती ओरडत होती, "वाक! अजून वाक!" त्या मुलीही वाकत होत्या. मला आत जावंसं वाटलं. पण माझं कार्ड बंद झालं होतं, दार उघडेना.

संध्याकाळी आईचा फोन आला. घरी कधी येऊन राहिली, विचारत होती. तिकिटं काढलीत, पण मला तारीख सांगवेना. घर म्हटल्यावर डोळ्यांसमोर आधी ते कोर्ट आलं, आणि काचेच्या दाराबाहेर उभी असलेली मी.